शिवेवरचा झाडपाला

औषधी वनस्पतीची नोंद पुरी व्हायची, तर चार गोष्टी एकत्र बांधाव्या लागतात: झाडाचा दाबून वाळवलेला नमुना, त्याचे शास्त्रीय आणि लोकांच्या तोंडचे नाव, त्याचा कोणता भाग कोणत्या महिन्यात कशाबरोबर वापरतात याचा तपशील, आणि हा तपशील ज्याने सांगितला त्या जाणकाराचा उल्लेख. या चारांपैकी एक जरी निसटली, तरी नोंद लंगडी होते. नमुना नसेल तर नाव नेमके कोणत्या झाडाचे हे पुढच्या पिढीला कळत नाही, वापराचा तपशील नसेल तर औषधाचे विष होऊ शकते, आणि जाणकाराचे नाव नसेल तर ज्यांनी हे ज्ञान शतकानुशतके सांभाळले त्यांचा त्यावरचा हक्क कागदावर उरत नाही. माणूस आणि त्याच्या परिसरातील वनस्पती यांच्या संबंधांचा अभ्यास करणाऱ्या शास्त्राला लोकवनस्पतिशास्त्र म्हणतात. या शास्त्राचा पाया घालणारे कितीतरी ग्रंथ मुंबईत लिहिले गेले किंवा मुंबईच्या माणसांनी पुरे केले, आणि तरीही या शहराच्या मूळ रहिवाशांना, म्हणजे कोळ्यांना, ठाऊक असलेला झाडपाला त्या ग्रंथांत फार थोडा, आणि तोही निनावी, उतरला आहे.

मुंबईतल्या शीव कोळीवाड्याचा झाडपाला हे याचे जवळचे उदाहरण. शीव या शब्दाचा अर्थच हद्द. मुंबई बेटाची उत्तरेकडील सीमा येथे संपत असे आणि खाडीपलीकडे साष्टी सुरू होत असे. म्हणूनच इंग्रजांनी सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात येथील टेकडीवर किल्ला बांधला. टेकडीवरचे रानझाड, खाडीकाठचे तिवराचे वन, वडाळ्याच्या बाजूची मिठागरे आणि गावठाणातल्या परसबागा असे चार प्रकारचे वनस्पतिजीवन एकेकाळी शीव कोळीवाड्याच्या चालत जाण्याच्या टप्प्यात होते. फाळणीनंतर येथे पंजाबी निर्वासितांची मोठी वस्ती झाली, कोळीवाडा स्थानकाचे नाव पुढे गुरू तेगबहादूर नगर झाले, आणि ओवा लावून तळलेल्या कोळंबीमुळे कोळीवाडा हे नाव देशभरच्या खानावळींच्या पाट्यांवर गेले. या परिसरापासून काही किलोमीटरांच्या आत परळची हाफकिन संस्था व केईएम रुग्णालय आणि वडाळ्याचे ॲकवर्थ कुष्ठरोग रुग्णालय ही ठिकाणे आहेत, आणि भारतीय वनौषधींच्या अभ्यासातील काही निर्णायक कामे त्यांच्या भिंतींआड झाली आहेत.

या इतिहासाचा आरंभ सोळाव्या शतकापर्यंत मागे न्यावा लागतो. पोर्तुगीज वैद्य गार्सिया द ओर्ता १५३४ साली गोव्यात आला, आणि पुढे मुंबई बेट त्याला खंडाने मिळाले. १५६३ साली गोव्यात छापल्या गेलेल्या त्याच्या पोर्तुगीज ग्रंथात भारतातील औषधी द्रव्यांची माहिती संवादरूपाने दिली आहे, आणि त्यात मुंबईच्या आपल्या जागेतल्या, वर्षातून दोनदा फळे देणाऱ्या आंब्याच्या झाडाचाही उल्लेख त्याने केला आहे. ओर्ताचे मोठेपण असे, की ग्रीक आणि अरबी ग्रंथांत काय लिहिले आहे यापेक्षा बाजारात काय विकले जाते, झाड कसे दिसते आणि येथील वैद्य ते कसे वापरतात यांवर त्याने भर दिला. त्याच्या संवादांत मलुपा नावाचा एक हिंदू वैद्य बोलतो आणि अंतोनिया नावाची घरातील दासी ताजी पाने-फळे आणून पुढे ठेवते. युरोपीय छापील ग्रंथात भारतीय जाणकार असे नावानिशी उभे राहणे त्या काळी दुर्मीळच होते. कोकमाच्या कुळाला मिळालेले गार्सिनिया हे नाव मात्र ओर्तावरून आलेले नाही. ते लोरां गार्सां या अठराव्या शतकातील वनस्पतिज्ञावरून लिनियसने ठेवले, पण ते ओर्तावरून आल्याचे लिहिण्याची चूक मराठी लेखनात वारंवार होत असल्याने तिची येथे नोंद करणे भाग आहे.

ओर्ताच्या ग्रंथाआधी अकरा वर्षे, १५५२ साली, मेक्सिकोत मार्तिन द ला क्रूस या नाहुआ वैद्याने आपल्या देशातील औषधी वनस्पतींचे सचित्र हस्तलिखित सिद्ध केले होते आणि त्याचा लॅटिन अनुवाद हुआन बादियानो या दुसऱ्या नाहुआ माणसाने केला होता. उष्ण कटिबंधातील देशांचा झाडपाला लिहून ठेवण्याच्या या मोठ्या प्रयत्नात लेखक आणि जाणकार एकच होता. भारतात याच्या सर्वांत जवळ जाणारे उदाहरण मलबारचे आहे. डच अधिकारी हेन्द्रिक व्हान ऱ्हेड याने कोचीनला बसून तयार करवलेला ‘हॉर्टस मलबारिकस’ हा बारा खंडांचा ग्रंथ १६७८ ते १६९३ या काळात ॲम्स्टरडॅमला छापला गेला आणि त्यात सुमारे साडेसातशे वनस्पतींची चित्रे व वर्णने आली. त्याच्या पहिल्या खंडात इट्टी अच्युतन या मलयाळी वैद्याचे आणि रंग भट, विनायक पंडित व अप्पू भट या तीन कोकणी वैद्यांचे साक्षपत्र छापले आहे. या तिघांचे पत्र कोकणी भाषेत आणि देवनागरी लिपीत असून त्यावर १६७५ सालातील तारीख आहे. झाडांची नावे, गुण आणि वापर आपण सांगितले, याची ही सहीनिशी दिलेली ग्वाही आहे. मराठी वाचकाने या पानाकडे अभिमानाने पाहावे, कारण देवनागरी अक्षरे छापील पानावर उमटल्याच्या अगदी आरंभीच्या उदाहरणांत त्याची गणना होते आणि ती उमटली ती झाडपाल्याच्या जाणकारांच्या साक्षीसाठी.

मुंबईत एकोणिसाव्या शतकात या कामाने जो वेग घेतला, त्यात ही साक्षीची पद्धत मात्र मागे पडली. टपाल खात्यातील अधिकारी जॉन ग्रॅहॅम याने मुंबई आणि आसपासच्या वनस्पतींची सूची लिहिली. ती छापून होत असतानाच १८३९ साली तो वारला आणि त्याचा मित्र जोसेफ निम्मो याने उरलेले काम पुरे केले. या सूचीत ग्रॅहॅमने सह्याद्रीतल्या एका लहानशा झाडाला निम्मोचे नाव दिले होते. हे झाड म्हणजे नरक्या. फुलांच्या दुर्गंधीमुळे लोकांनी त्याला हे नाव दिले, आणि वनस्पतिज्ञांनी पुढे त्याची शास्त्रीय नावे इतक्या वेळा बदलली, की एकच झाड प्रेम्ना, मॅपिया आणि नोथापोडायटिस अशा तीन निरनिराळ्या कुळनावांखाली ग्रंथांत सापडते. नंदुरबारला जन्मलेले आणि मुंबई विद्यापीठात शिकलेले रसायनशास्त्रज्ञ मनसुख वाणी यांनी मन्रो वॉल यांच्यासह अमेरिकेत १९६६ साली एका चिनी झाडातून कॅम्प्टोथेसिन हे कर्करोगविरोधी द्रव्य वेगळे केल्याचे जाहीर केले. पुढे १९७२ साली गोरेगावच्या सिबा संशोधन केंद्रातील टी. आर. गोविंदाचारी आणि एन. विश्वनाथन यांनी तेच द्रव्य आपल्या नरक्यात असल्याचे दाखवले. त्यानंतर कोकण आणि सह्याद्रीतून नरक्याची बेसुमार तोड झाली. ज्या झाडाकडे वास येतो म्हणून कोणी फिरकत नव्हते, त्याचे लाकूड व मुळ्या पोत्यांनी जंगलाबाहेर गेल्या, आणि सूचीत शतकाहून अधिक काळ पडून राहिलेले एक नाव काही वर्षांत संकटग्रस्त जातींच्या यादीत जाऊन बसले. झाड कोठे आणि किती आहे हे लिहून ठेवण्याचे काम त्याचे मोल बाजाराला कळण्यापूर्वी व्हावे लागते, हा धडा महाराष्ट्राला फार महाग पडला.

ग्रॅहॅमनंतर डाल्झेल आणि गिब्सन यांचा १८६१ सालचा ग्रंथ आणि थिओडोर कुक याचा १९०१ ते १९०८ या काळातील मुंबई इलाख्याचा वनस्पतिकोश यांनी नावांची व्यवस्था लावली. औषधांच्या बाजूने पाहता अधिक महत्त्वाचे नाव डॉ. सखाराम अर्जुन यांचे आहे. रखमाबाईंचे सावत्र वडील म्हणून मराठी वाचकांना ते माहीत असतात. पण ग्रँट मेडिकल कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवणारे, १८८३ साली मुंबई नॅचरल हिस्टरी सोसायटी स्थापन करणाऱ्या आठ जणांतील दोन भारतीयांपैकी एक असलेले हे डॉक्टर १८७९ साली मुंबईच्या औषधांची सूची प्रसिद्ध करून गेले, याची आठवण फारशी ठेवली जात नाही. त्या सूचीत ओल्या स्वरूपात वापरल्या जाणाऱ्या वनस्पतींची वेगळी यादी आहे. हा भेद वरवर किरकोळ दिसला तरी मूलगामी आहे. वाळवलेली मुळी गाठोड्यात बांधून शेकडो कोस जाते, तिचा व्यापार होतो आणि व्यापाऱ्याकडून तिची माहिती मिळते. ओला पाला मात्र जिथे उगवतो तिथेच खुडून लगेच वाटावा लागतो, आणि म्हणून त्याची माहिती परसात राबणाऱ्या बायकांकडेच असते. विल्यम डायमॉक याने हूपर आणि वॉर्डन यांच्यासह १८९० ते १८९३ या काळात काढलेला ‘फार्माकोग्राफिया इंडिका’ हा त्रिखंडी ग्रंथ आजही अपूर्व वाटतो, पण मुंबईतील लष्करी औषधभांडाराचा प्रमुख असलेल्या डायमॉकचे बळ बाजारात होते: कोणते द्रव्य कोणत्या बंदरातून येते, कशाची भेसळ होते, काय भावाने जाते. परसातला पाला त्याच्या नजरेच्या कडेलाच राहिला. स्त्रियांची या क्षेत्रातील उपस्थिती शोधायची तर १८८९ साली नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात सुगंधी गवतांवर लिहिणाऱ्या श्रीमती लिस्बोआ यांच्याकडे जावे लागते. वैदी गवत म्हणून ओळखल्या जाणाऱ्या सुवासिक गवताचे शास्त्रीय वर्णन त्यांच्या नावावर आहे.

या परंपरेचा कळस म्हणजे कान्होबा रणछोडदास कीर्तिकर यांचे काम. १८४९ साली जन्मलेले कीर्तिकर लष्करी वैद्यकसेवेत लेफ्टनंट कर्नल होते, मुंबईच्या विषारी वनस्पतींवर त्यांनी दीर्घ लेखमाला लिहिली, आणि १९०९ साली बडोद्याच्या मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपदही भूषवले. मेजर बामनदास बसू यांच्यासह त्यांनी सिद्ध केलेला भारतीय औषधी वनस्पतींचा चित्रमय ग्रंथ त्यांच्या मृत्यूनंतर, १९१८ साली, अलाहाबादहून निघाला. त्याची दुसरी, १९३३ ते १९३५ या काळात निघालेली आवृत्ती ज्या तिघांनी सुधारली ते तिघेही मुंबईचेच होते: सेंट झेवियर्स महाविद्यालयाचे फादर ब्लॅटर, आणि परळच्या हाफकिन संस्थेतील फादर केयस व डॉ. कृ. श्री. म्हसकर. ब्लॅटर यांनी उभारलेल्या आणि आज त्यांच्याच नावाने चालणाऱ्या नमुनासंग्रहात लाखाहून अधिक वाळवलेले नमुने आहेत. नमुनासंग्रह म्हणजे वनस्पतिशास्त्राचे दप्तरखाने. फूल-फळासह फांदी कागदावर चिकटवून त्याखाली जागा, तारीख आणि गोळा करणाऱ्याचे नाव लिहिलेले असते, आणि शंभर वर्षांनी वाद उपजला तर हाच कागद साक्षीला उभा राहतो. इंग्रजी ग्रंथांच्या जोडीला मराठीतही हे काम होत होते. शंकर दाजीशास्त्री पदे यांचा ‘वनौषधी गुणादर्श’ आणि डॉ. वामन गणेश देसाई यांचा ‘औषधीसंग्रह’ हे ग्रंथ महाराष्ट्रातील वैद्य आजही काढून पाहतात.

केयस आणि म्हसकर यांचे खरे धाडस मात्र वेगळ्याच कामात दिसते. सर्पदंशावर गुणकारी म्हणून भारतभर सांगितल्या जाणाऱ्या तीनशेहून अधिक वनस्पती त्यांनी गोळा केल्या, एकेकटी आणि मिश्रणे करून त्यांची प्रयोगशाळेत कसून परीक्षा घेतली, आणि १९३१ साली निष्कर्ष प्रसिद्ध केला, की नाग व घोणस यांच्या विषापुढे त्यांपैकी एकही टिकत नाही. वनौषधींवर ज्यांचे मनापासून प्रेम होते अशा माणसांनी हा निकाल दिला, म्हणून त्याचे मोल अधिक. लोकज्ञानाची नोंद करणे म्हणजे त्यावर खरेपणाचा शिक्का मारणे नव्हे. नोंद ही परीक्षेची पहिली पायरी असते आणि परीक्षेत उतरले नाही तेही तितक्याच ठळकपणे लिहावे लागते. पुढे निघालेल्या कितीतरी लोकप्रिय वनौषधी-पुस्तकांनी मात्र दंशावरचे हे उपाय जसेच्या तसे छापणे चालू ठेवले. ही चूक क्षम्य मानता येणार नाही, कारण साप चावल्यावर पाला वाटण्यात गेलेला वेळ रुग्णाच्या जिवावर बेततो.

याच परळमध्ये याच्या उलट टोकाचे उदाहरणही घडले. मराठीत हरकी किंवा अडकई म्हटली जाणारी सर्पगंधा ही नावाप्रमाणेच सापाच्या विषावरची म्हणून ख्यात होती. केईएम रुग्णालयातील हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तुम जाल वकील यांनी तिच्या मुळीचा उच्च रक्तदाबाच्या पन्नास रुग्णांवर केलेला अभ्यास १९४९ साली ब्रिटनमधील हृदयरोगविषयक नियतकालिकात प्रसिद्ध केला, आणि तीन वर्षांत स्वित्झर्लंडमध्ये त्या मुळीतून रेसर्पिन हे द्रव्य वेगळे काढले गेले. रक्तदाब आणि मनोविकार या दोन्हींच्या उपचारांत त्याने एका काळी मोठी भूमिका बजावली. लोकांनी झाडाला दिलेले श्रेय चुकीच्या रोगासाठी होते, पण झाडात काही आहे हे त्यांचे निरीक्षण खोटे नव्हते. कडू कवठीच्या बियांच्या तेलाचीही कथा अशीच आहे. १८६०च्या दशकात डॉ. भाऊ दाजी लाड यांनी मुंबईत कुष्ठरोगावर त्याचा वापर केला होता, आणि १९४०च्या दशकात नवी रासायनिक औषधे येईपर्यंत या जातीच्या बियांचे तेल हाच त्या रोगावरचा जगभरचा मुख्य आधार होता. १८९० साली स्थापन झालेले ॲकवर्थ रुग्णालय शीव कोळीवाड्याच्या शेजारीच आहे.

एवढ्या थोर परंपरेच्या कुशीत वसलेल्या कोळीवाड्याचा झाडपाला मग कोणता, याचे उत्तर ग्रंथांत विखुरलेले आहे. खाऱ्या चिखलात उगवणारी मोरस ही जाड, रसरशीत पानांची वनस्पती किनाऱ्यावर भाजी म्हणून खाल्ली जाते. तिच्या पानांतच क्षार असल्याने ती उकडून पाणी टाकावे लागते आणि मीठ हात राखून घालावे लागते. तिवर आणि चिपी यांच्या आडोशाला मासळीची पिल्ले वाढतात, म्हणून ही झाडे कोळ्यांच्या उपजीविकेचा पाया आहेत. कांदळवनांच्या तोडीवर मुंबई उच्च न्यायालयाने २००५ साली बंदी घातली आणि २०२० साली पांढरी चिपी राज्याचे कांदळवृक्ष म्हणून जाहीर झाली, तेव्हा कोळ्यांना पूर्वीपासून ठाऊक असलेल्या गोष्टीवर सरकारी मोहोर उमटली. याच चिखलात गेवा किंवा फुंगळी वाढते. तिचा पांढरा चीक डोळ्यांत गेला तर दृष्टीला अपाय होतो, आणि ती ओळखता येणे हा खाडीत उतरणाऱ्या प्रत्येकाच्या शिक्षणाचा भाग होता. माशांच्या कालवणातील तिरफळ आणि कोकम, भेगाळलेल्या टाचांवर चोळायचे कोकमतेल, बाळंतिणीचे हळीव आणि डिंक हे स्वयंपाकघर व औषधपेटी यांच्यामधली सीमाच पुसून टाकतात.

जाळ्यांची गोष्ट तर वनस्पतिशास्त्राच्या कोणत्याही प्रकरणात जायला हवी. नायलॉनचा धागा येण्यापूर्वी किनाऱ्यावरची जाळी सुती किंवा तागाच्या दोऱ्याची असत, आणि खाऱ्या पाण्यात ती कुजू नयेत म्हणून ऐनासारख्या झाडांच्या सालीच्या काढ्यात बुडवून काढली जात. सालीतील टॅनिन, म्हणजे कातडे कमावताना उपयोगी पडणारे तुरट द्रव्य, दोऱ्याला टिकाऊ करी. किती साल, किती पाणी, किती वेळ उकळायचे आणि किती दिवसांनी पुन्हा बुडवायचे हे प्रमाण ज्यांच्या हातात होते, ती पिढी आता फार थोडी उरली आहे. तागाच्या बाबतीत नावाचा घोळही ध्यानात ठेवावा लागतो: शेतात हिरवळीचे खत म्हणून गाडतात तो पिवळ्या फुलांचा ताग आणि पोती विणतात तो बंगालचा ताग या दोन निराळ्या कुळांतल्या वनस्पती आहेत, आणि जाळ्यांचा दोरा पहिल्याचा असे. असाच घोळ ब्राह्मीचा आहे. मुंबईच्या बाजारात ब्राह्मी मागितली, की बहुधा गोल पानांची कारिवणा मिळते, तर ग्रंथांतली ब्राह्मी म्हणून अनेक वैद्य लहान मांसल पानांच्या जलब्राह्मीकडे बोट दाखवतात. नमुन्याशिवाय केलेली ‘ब्राह्मी’ अशी नोंद म्हणूनच निरुपयोगी ठरते.

वापराचा तपशील किती बारकाईने लिहावा लागतो, हे शेवळ्यांवरून कळते. पावसाच्या आरंभी दादरच्या बाजारात आदिवासी बाया शेवळ्यांच्या जुड्या घेऊन बसतात, आणि त्यांच्याशेजारीच काकडांचे, म्हणजे काकड नावाच्या झाडाच्या आंबट हिरव्या फळांचे, वाटे मांडलेले असतात. सुरणाच्या कुळातील या कोंबांत कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात आणि ते घशाला खाजवतात, म्हणून भाजीत काकडे, चिंच किंवा कोकम घालावे लागते. नोंदवहीत फक्त ‘शेवळे – खाद्य’ असे लिहिणाऱ्याने अर्धीच माहिती लिहिली. दोन झाडांची ही जोडी हीच खरी माहिती आहे, आणि ती विकणारीने दोन वाटे शेजारी मांडून जणू लिहूनच ठेवलेली असते.

सणांची झाडे हा औषधांपासून वेगळा विषय वाटला, तरी नोंदीच्या दृष्टीने तो तितकाच निकडीचा आहे, कारण रानातले झाड ओळखण्याची सवय मोठ्या शहरात आता फक्त सणांमुळे टिकून आहे. कोकण किनाऱ्यावर गौर म्हणून आणला जाणारा तेरडा, नरक चतुर्दशीला पायाखाली फोडायचे कारीट, हरितालिका आणि गणेशाच्या पूजेतील पत्री ही नावे लहान मुलांच्या कानावर पडतात ती याच दिवसांत. पण येथेही बदल शिरला आहे. दसऱ्याला सोने म्हणून विकल्या जाणाऱ्या पानांत आपट्याऐवजी कांचनाची पाने सर्रास असतात. दोन्ही एकाच कुळातली व दुभंगलेल्या पानांची असल्याने गिऱ्हाइकाच्या ते लक्षात येत नाही, आणि हळूहळू कांचन हेच आपटा म्हणून ओळखले जाऊ लागते. नाव तेच राहते आणि झाड बदलते.

लिहून ठेवलेले ज्ञान कोणाचे, हा प्रश्न १९९५ साली अमेरिकेत जखमेवर हळद लावण्याचे पेटंट दिले गेले तेव्हा सर्वांच्या तोंडी झाला. डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या नेतृत्वाखाली वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने जुन्या ग्रंथांतील आणि नियतकालिकांतील बत्तीस संदर्भ पुढे ठेवून त्याला आव्हान दिले आणि १९९७ साली ते पेटंट रद्द झाले. घराघरातील आजीचा अनुभव तेथे पुरावा म्हणून चालला नसता. छापील कागद चालला. यातूनच पारंपरिक ज्ञानाचे संगणकीय ग्रंथालय उभे राहिले. केरळातील काणी आदिवासींनी संशोधकांना दाखवलेल्या आरोग्यपच्चा या वनस्पतीपासून औषध बनले, तेव्हा मिळणाऱ्या रकमेतील निम्मा वाटा त्या समाजाला देण्याचे ठरले. जगभर या उदाहरणाची चर्चा झाली. जैवविविधता कायदा २००२ साली झाला, आणि त्याखालील नियमांनी प्रत्येक स्थानिक स्वराज्य संस्थेच्या समितीने लोकांच्या साहाय्याने लोक जैवविविधता नोंदवही तयार करावी असे सांगितले. या नोंदवहीच्या कल्पनेमागे डॉ. माधव गाडगीळ यांचे विचार होते. २०२३ च्या दुरुस्तीने ग्रंथबद्ध पारंपरिक ज्ञानाच्या वापराला लाभवाटपाच्या अटीतून सूट दिली असल्याने, जे ज्ञान अजून ग्रंथात नाही, केवळ तोंडी आहे, त्याची नोंद कोण, कोणाच्या संमतीने आणि कोणाच्या नावाने करतो याला आता विशेष महत्त्व आले आहे. कोळीवाड्याचे बहुतेक ज्ञान याच प्रकारातले आहे. ते कोळीवाड्यानेच लिहावे, हे न्याय्य आणि शास्त्रशुद्धही आहे, कारण खाडीच्या भरती-ओहोटीचे आणि झाडांच्या मोसमाचे गणित त्यांना बाहेरून आलेल्या अभ्यासकापेक्षा अधिक नेमके कळते.

या कामाला प्रयोगशाळा लागत नाही. ज्या वाचकांच्या घरी आजी, आत्या किंवा मावशी अजून एखादा पाला ओळखून आणते, त्यांनी त्या झाडाची फूल किंवा फळ असलेली लहान फांदी जुन्या वर्तमानपत्राच्या घडीत ठेवून वर वजन द्यावे, कागद रोज बदलावा, आणि फांदी वाळली की शेजारी जागा, तारीख, घरात चालणारे नाव, वापरायचा भाग, प्रमाण, सोबत काय घालतात आणि कधी वापरू नये हे तिच्याच शब्दांत लिहून घ्यावे. झाड कांदळवनातले असेल तर फांदी तोडू नये. त्याचे सर्व बाजूंनी छायाचित्र पुरेसे आहे. शेवटी, तिची परवानगी घेऊन, त्या कागदावर तिचे पूर्ण नाव लिहावे.